दांगबेबाबांची पांढरी खोली

हुएफाचं एकदा ठरलं की ठरलं. उइदा गावातल्या त्या गल्लीत तिच्याशी वाद घालायला सहसा कुणी धजत नसे. आंबवलेल्या मक्याचे गोळे पानात गुंडाळून विकायचे, अंगण दोनदा झाडायचं आणि दुसऱ्याच्या दारात पाचोळा दिसला तर चार शब्द सुनावायचे, असा तिचा खाक्या. गालांवर लहानपणीच चिरलेल्या दांगबेच्या, म्हणजे अजगरदेवाच्या खुणा. अजगराच्या कुळातली बाई, आणि त्याचा तोरा केवढा!

नवरा गेला त्या वर्षी एक अजगर तिच्याकडे यायला लागला. जेमतेम अडीच हात लांब, जाडजूड आणि महालाजरा. अंगणाच्या कोपऱ्यात कड फुटलेला एक जुना रांजण आडवा पडला होता. दिवसभर त्यात वेटोळं घालून बसायचा आणि अंधार पडला की मक्याच्या कोठीतले उंदीर मटकावायचा. उइद्यात असा पाहुणा आला तर काठी कुणी उचलत नाही. हुएफा गुडघे टेकून म्हणायची, "बाबा, जेवलात का?" मग गिऱ्हाइकांची, शेजाऱ्यांची, गुडघेदुखीची सगळी गाऱ्हाणी त्याच्यापुढे. नवऱ्यालाही ती असंच सांगायची. फरक इतकाच, की हा मध्ये बोलायचा नाही.

पुढे एकदा रस्त्यावर मोटारसायकलीखाली एक अजगर चिरडला. लोकांनी त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून माणसासारखं पुरलं. हुएफा त्या मातीला जाऊन आली ती थेट रांजणापाशी. उद्या आपला बाबा असा गेला तर आपल्याला आहे कोण?

"बाबांना खोली बांधायची," तिने नणंदेला सांगितलं.

"त्या रांजणालाच जाळी लाव की," कोसिबा म्हणाली.

"फुटक्या रांजणाला? तुझ्या बापाला ठेवशील फुटक्या रांजणात?"

"माझा बाप मावला नसता त्यात. पण वहिनी, ह्याला आवडतो ना तो?"

"आवडतो कसला! बिचाऱ्याला दुसरं काही दिलंय कुणी?"

झालं. गवंडी बोलावला. पडवीत, कमरेएवढ्या ओट्यावर खोली उठली. खाली पांढऱ्या फरश्या, मागे पांढरी भिंत, तीन बाजूंना जाळी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसावं, नमस्कार करता यावा. वर झगझगीत दिवा. पाण्याला चिनी मातीचं भांडं. आत पान नाही, ढेकूळ नाही, काडी नाही. घरातल्या वडीलधाऱ्याला कुणी अंधारात, कोपऱ्यात बसवतं का? रांजण तिने शेजारच्या बकऱ्यांना पाणी प्यायला देऊन टाकला. ब्याद गेली म्हणाली.

बाबा आत गेले आणि जेवेनासे झाले. जिवंत उंदीर सोडला तर तोच फरशीवर मजेत हुंदडायचा आणि बाबा वेटोळ्यात डोकं खुपसून बसायचे. रात्रभर जाळीवर नाक घासल्याचा आवाज यायचा.

"रुसलेत," हुएफा म्हणाली. काहीतरी कमी पडलं असणार. तिने भिंतीला आणखी एक हात रंग दिला, दिवा मोठा लावला, गल्लीतल्या बायकांना दर्शनाला बोलावलं. बायका वाकून जायच्या, पोरं जाळीला तोंड लावून बघायची.

"सोड गं त्याला," कोसिबा काकुळतीला आली. "कातडी लोंबायला लागली त्याची."

"सोडू? त्या रस्त्यावर? मरायला?"

एका संध्याकाळी मात्र तिने कडी काढली होती. दारावर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला, आणि तिने घाईघाईने कडी परत घातली.

पुढच्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत एका सकाळी बाबा हललेच नाहीत.

दांगबेच्या देवळातला म्हातारा पुजारी पांढरं कापड घेऊन आला. त्याने अजगराला हातावर घेतलं. पार चिपाड झालं होतं, आणि नाकाचा शेंडा सोलून लाल झाला होता. त्याने खोलीकडे पाहिलं.

"छान बांधलीस गं पोरी. लपायला कुठे ठेवलं होतंस त्याला?"

"लपायला?" हुएफा फणकारली. "स्वतःच्या घरात का लपायचं त्यांनी?"

म्हातारा कापड उलगडत राहिला. हुएफा जाळीकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहराच उतरला. रोज आल्या आल्या तो कुठे शिरायचा, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इतकी वर्षं पाहिलं होतं. कसली ही अक्कल आपली! रात्र रात्र तो जाळीला नाक घासून तेवढंच मागत होता.

ती उठली आणि शेजारी गेली. बकऱ्यांना ढकलून तिने रांजणातलं पाणी ओतून दिलं, पदराने तो आतून कोरडा केला आणि कडेवर घेऊन आली. म्हातारा पुरायला आणलेलं नवं मडकं पिशवीतून काढत होता.

"ते नको," ती म्हणाली. "ह्यात."

तिने स्वतः त्याला आत ठेवलं. वेटोळं बरोब्बर बसलं. मग कापड फुटक्या कडेवरून ओढून तिने तोंड झाकलं, उजेडाची एक फट राहिली होती तीही हाताने दाबून बंद केली.

"बसा बाबा," ती म्हणाली. "आता कुणी बघत नाही."