परत पाठवणारा देव

त्या वर्षी देवाने गावपळणीचा कौल देऊ नये म्हणून मी रोज सांजवातीला त्याची विनवणी करत होते. विनवणी हे आपलं लिहिण्यापुरतं. खरं म्हणजे मी त्याच्याशी भांडत होते. चतुर्थी आटोपली आणि ह्यांना, माझ्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की छातीत कफ धरतो आहे, गारठा आणि ओल यांपासून जपा. आता न्यूमोनिया झाला तर हे पेलणार नाहीत. आमचा एकुलता मुलगा मालवाहू बोटीवर, कुठल्या समुद्रात ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि अशा वेळी देवाने खाडकन उजवा, होकाराचा कौल दिला. ढोल वाजला, गाव खूश झाला आणि मी देवळाकडे पाठ करून घरी आले.

आमची ही रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवाचा कौल मिळाला की, आमचा सगळा गाव तीन दिवस घरंदारं सोडून शिवेबाहेर राहायला जातो. आजारी, बाळंतीण, कडेवरचं पोर, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा, कोणी मागे राहायचं नाही. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालतात, तिथेच रांधायचं, तिथेच निजायचं. शाळाही आंब्याखाली भरते. तीन दिवसांनी गावकर देवाला पुन्हा विचारतात आणि कौल मिळाला की सगळे परततात. लग्न होऊन आले तेव्हापासून मला ती एक जत्राच वाटत आली होती. त्या वर्षी पहिल्यांदा मनात आलं, आजारी माणसाला उघड्यावर काढतो तो देव कसला?

त्याच माळावर उन्हाळ्यापासून चार कुटुंबं राहत होती. लांब ईशान्येकडच्या डोंगरातली माणसं. तिकडे दोन जमातींत पेटलं आणि यांचा गाव एका दिवसात जळाला. आमच्या गावातला एक फौजी तिकडे नोकरीला होता, त्याच्या ओळखीने ती इथवर आली. गावाने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, हे मी अभिमानाने लिहिलं असतं, पण त्या अभिमानात माझा वाटा नाही. तरण्या मुलांनी गायरानात त्यांना बांबूच्या छपऱ्या उभारून दिल्या. गुरुजींनी पोरांना शाळेत बसवलं, कागद मागाहून बघू म्हणाले. पुरुषांना काजूच्या कारखान्यात काम मिळालं. आणि आमच्या बचत गटाच्या बायकांनी घराघरांतून भांडी, चादरी, तांदूळ गोळा केले. गट माझ्याही दारात आला. गट चालवते ती सुशीवैनी, माझी चुलतजाऊ. मी तिला माळ्यावरची निळी ताडपत्री काढून दिली. नवी कोरी घडी शेजारीच होती, तिला हात लावला नाही. सुशीवैनीने जुनी उलगडली तर उंदरांनी तिची चाळण केलेली.

"गो, हीतून आभाळ दिसता," ती म्हणाली.

"धर्माची गाय अन् दात का गं नाय?" मी म्हटलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. कुणाच्या घरी रिकामी जागा आहे का, असंही तिने विचारलं होतं. काजूच्या बागेत आमचा मांगर आहे, पक्क्या चिऱ्यांचा, कौलारू, नुसता पाटे-फळ्या ठेवायला. सुशीवैनीने माझ्याकडे बघितलं. "तिथे साप आहेत," एवढं बोलून मी चहा ठेवायला आत गेले. अख्खा पावसाळा ती माणसं त्या माळावर राहिली.

कौल मिळाल्यावर देवळात बैठक बसली. खोपी कुठे घालायच्या हा विषय निघाला तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, मी उभी राहिले. म्हटलं, देवाचं काम आहे, त्या लोकांना तीन दिवस दुसरीकडे हलवा. कोण काय खातं, काय रांधतं, आपल्याला काय ठाऊक. सुशीवैनी मागूनच म्हणाली, "आणि आपण थंय काय एकादशी करतोव? कोंबो कापल्याशिवाय तुझी गावपळण कधी सरली काय गो?" हशा पिकला. आबा गावकर, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्या घरात आहे ते, हसले नाहीत. "शिवेभायेर आपण पावणे," एवढंच ते म्हणाले. "पावण्यान घरवाल्याक उठवचा नसता." मी खाली बसले, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो. हे सगळं मी ह्यांच्या काळजीपोटी बोलते आहे अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

निघायच्या दिवशी दुपारी ढोल वाजला. ह्यांना खाटेसकट टेम्पोत घातलं. मी पाठीमागे बसून त्यांचं डोकं धरलं. पुढे-मागे सारा गाव चालत होता, डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्या, दोरीला गुरं, म्हाताऱ्या पोरांच्या पाठीवर. व्हाळ ओलांडून माळावर चढतो तोच छपऱ्यांमधून ती माणसं धावत आली. बायका, पोरं, पुरुष, सगळी. हातात कळशा, तांबे, पातेली. मला वाटलं, बघायला आली असतील. पण त्यांतली नेंग नावाची बाई, तिशीतली असेल, ती आमच्या टेम्पोपाशी आली आणि खाटेवरच्या ह्यांच्याकडे बघून तिने तोंडावर हात घेतला. मग माझे दोन्ही हात धरून मोडक्या हिंदीत विचारू लागली, "कौन जलाया? आपका गाँव कौन जलाया? आदमी लोग सब आ गया? कोई अंदर रह तो नहीं गया?"

गावपळण म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला ती इतकी अंगवळणी पडलेली की सांगायचं सुचलंच नाही. त्यांना दिसला तो बोचकी घेऊन निघालेला एक गाव. असा गाव त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता. मी त्यांना हलवायला निघाले होते आणि ती आपल्या छपऱ्या रिकाम्या करत होती. त्यांच्या म्हाताऱ्या बाहेर येऊन बसल्या होत्या आणि पोरं आमच्या पोरांना आत ओढत होती. एका पुरुषाने तांदळाचं पोतं उघडून सगळ्यांसमोर ठेवलं, अर्ध्याहून कमी भरलेलं. पुढची काही मुलं हसू लागली, तेव्हा आबांनी एकच नजर टाकली.

टीव्हीवरच्या मालिका बघून आलेलं माझं हिंदी. त्या हिंदीत मीच तिला समजावलं. गाव जळाला नाही. देवाचा हुकूम आहे. तीन दिवस बाहेर राहायचं, मग परत. तिला ते पटेना. "वापस?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. "घर है? घर में जाएगा?" मी म्हटलं, है, जाएगा. ती तिथेच गवतात बसली. आधी हसली, मग डोळे पुसले आणि म्हणाली, "अच्छा भगवान है आपका। बाहर निकालता है, फिर वापस भी भेजता है।"

देवावर रुसून मी घरून निघाले होते. ते वाक्य ऐकलं आणि मान वर करून त्या बाईकडे बघण्याची माझी हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. थंडीच्या तोंडाशी पाऊस येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. समुद्राकडून वारा सुटला, खोपींचे झाप उडाले आणि सरी कोसळू लागल्या. मी नवी ताडपत्री ह्यांच्या खाटेवर धरू पाहत होते, तर वाऱ्याने ती हातातून हिसकावून काटेरी कुंपणावर नेऊन टाकली आणि उभी फाडली. जो तो आपलं छप्पर धरून उभा होता. हाका मारल्या तरी ऐकू कोणाला जाणार? हे भिजले, हुडहुडी भरली, छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. मी त्यांच्या अंगावर ओणवी झाले आणि देवाला म्हटलं, भांडले ती मी, माझ्याशी भांड, ह्यांना कशाला? मग मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आता तुझं तू बघ.

खाट हलली. डोळे उघडले तर चारही पायांशी चार माणसं आणि नेंग पुढे. कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. खाट उचलून चिखलातून धावत त्यांनी ह्यांना छपरीत नेलं. आत बांबूचं उंच माचाण होतं, त्यावर ठेवलं, पाणी खालून वाहत गेलं. त्यांच्या म्हातारीने ह्यांचे ओले कपडे काढले, विटा तापवून फडक्यात गुंडाळून पायांशी लावल्या, आल्याचं कढत पाणी चमच्याचमच्याने पाजलं. बाहेर सरींवर सरी येत होत्या आणि आत एक थेंब नव्हता. हळूहळू ह्यांच्या अंगात ऊब आली. घरघर कमी झाली. डोळे उघडून ते वर बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट वर करून, वाकड्या झालेल्या तोंडाने त्यांनी एक शब्द काढला. झटका आल्यापासूनचा पहिला शब्द. "आमची."

मी वर बघितलं. निळी ताडपत्री. तिच्या कोपऱ्यात लाल ऑइलपेंटने ह्यांच्या नावाची आद्याक्षरं. लग्नकार्यात वस्तू अदलाबदल होतात म्हणून आमच्या घरच्या प्रत्येक वस्तूवर हे स्वतः ती घालायचे. ताडपत्रीला जागोजागी ठिगळं होती, खताच्या पिशव्यांची, तांदळाच्या गोणीची, एक तर कोण्या पोराच्या रेनकोटाचं, जाळ्याच्या दोऱ्याने बारीक टाके घालून शिवलेली आणि वरून डांबर लावलेलं. मूळ ताडपत्री फार थोडी उरली होती.

नेंगने माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. "हाँ, आपका ही है," ती आनंदाने म्हणाली. "आपने दिया था, सुशी दीदी बताया। इसी से बारिश में हमारा बच्चा लोग बच गया। मैं रोज़ आपका नाम लेती थी प्रार्थना में।"

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोसला असता. टोमण्याला उत्तर देता येतं. तिने मनापासून माझे आभार मानले आणि मी माचाणाच्या कडेला बसून ढसाढसा रडले. तिला वाटलं मी नवऱ्यासाठी रडते आहे, ती माझी पाठ थोपटत राहिली. मी तिला खरं सांगितलं नाही. तेव्हाही नाही. त्याची लाज आजही वाटते. देवघरात समईपुढे बसून आयुष्यभर जे कळलं नाही ते मला त्या ठिगळांखाली कळलं, की मी देवाला द्यायचं ते नेहमी निवडून, उरलंसुरलं काढून देत आले होते. आणि त्याने माझंच फाटकं शिवून माझ्या माणसावर धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. आबा आणि मानकरी देवळात जाऊन कौल घेऊन आले. उजवा मिळाला होता. निघण्याआधी माळावर सगळे हात जोडून उभे राहिले आणि आबांनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, तुझ्या हुकमान आमी भायेर इलव, आता तुझ्याच हुकमान घराक जातव. गुराढोरांक, पोराबाळांक सुखरूप ठेव. आमच्यातलो एकय भायेर रवाक नको."

"व्हय महाराजा!" सगळा गाव म्हणाला. आणि मागून, जरा उशिराने, वेगळ्याच हेलात तेच शब्द पुन्हा आले. मी वळून बघितलं. नेंग, तिची माणसं, तिची पोरं, हात जोडून ओळीत उभी होती. आमचं बघून आमच्यासाठी म्हणत होती. आमच्यातला एकही बाहेर राहू नये म्हणून. माझ्या तोंडून 'व्हय' फुटलं नव्हतं. आता फुटेना.

"आबानू, रवा," मी म्हटलं. आवाज माझाच का, असं मला वाटलं. "गाऱ्हाणा खोटा पडतला. हेंका सोडून गेलव तर खोटा पडतला. माझो मांगर रिकामो आसा. दोन घरां थंय रवतली."

"आणि साप?" सुशीवैनीने विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"एकच होतो," मी म्हटलं. "तो मी."

कोणी हसलं नाही. आबांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. "ह्याका परत कौल लावचो नाय," म्हणाले. "कौल मिळालो." उरलेल्या दोन कुटुंबांसाठी त्यांनी आपली पडवी देऊ केली. त्याच दिवशी गटाच्या बायकांनी मांगर झाडून सारवला, मुलांनी कौलं चाळली.

हे आता काठी टेकत अंगणात फिरतात. चार शब्द बोलतात, त्यांतले दोन मला ओरडण्याचे असतात. औषधांनी बरे झाले की आणखी कशाने, याचा वाद मी घालत नाही. मला जे मिळालं ते कोणाच्या हातून मिळालं, हे मात्र विसरायचं नाही एवढं ठरवलं आहे. रोज सांजवातीला हात जोडते, मागत काही नाही. जे घडेल ते तुझं, म्हणते आणि उठते.

पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी परतताना नेंग आपलं बोचकं घेऊन माझ्यासोबत व्हाळापर्यंत आली. पाण्यात पाय घालायच्या आधी ती थांबली. तीन दिवसांचा हिशेब तिला आता समजला होता. "हम लोग को," तिने हळूच विचारलं, "कितना दिन?"

मी तिच्या डोक्यावरचं बोचकं माझ्या डोक्यावर घेतलं. म्हटलं, "तुमच्या गावाचा कौल मिळेपर्यंत."