डाळिंबाची वाटी

दुपारी डाळिंब सोलता सोलता आई शेजारच्या सुमनताईंना सांगत होती, "हे होते तेव्हा रोज मला डाळिंब सोलून द्यायचे. एक दाणा फुटायचा नाही."

मी आतून ऐकत होते. बाबांनी आयुष्यात कधी डाळिंब सोललं नाही. दाण्यांची वाटी त्यांच्यापुढे आयती यायची. ते गेल्यावर लिहिलेल्या कथेत मात्र मी त्यांना सोलायला बसवलं होतं. घरातलं उचलून आपण कथेत नेतो, हे ठाऊक होतं. कथेतलं असं घरात येऊन बसेल, हे कधी मनात आलं नव्हतं. आईची आठवणच बदलली की काय?

सुमनताई गेल्या. आईने उरलेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

"पुढच्या कथेत त्यांच्या हातचा चहाही मिळू दे मला," ती म्हणाली.