न चाखलेलं मीठ

नारायण पेठेत साडीला फॉल लावून देणाऱ्या एका आजींच्या दुकानातल्या घड्याळाला सेल नाही. लोणच्याच्या दोन बरण्यांत मिठाचं पाणी, प्रत्येकीत एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी, तिथून तारा थेट घड्याळात. नातीचा शाळेचा प्रयोग संपला, पण आजींनी तो मोडू दिला नाही.

मी साडी न्यायला गेले तेव्हा काटा अडला होता. आजींनी बरण्यांतलं पाणी बदललं आणि चिमटीनेच मीठ टाकलं.

“मोजून नाही का टाकत?” मी विचारलं.

“अहो, जन्मभर नैवेद्यात न चाखता मीठ घालत आले. हे कसलं मोजायचं?”

काटा टकटक पुढे सरकला. आजींनी समाधानाने सुई पुन्हा हातात घेतली.

“देव आजवर एकदाही बोलला नाही, मीठ बरोबर पडलं का ते. हे लगेच सांगतं.”