न वाचलेलं पत्र आणि जळालेला अल्टरनेटर

ते पत्र मी वाचलं नाही. कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून सही केली आणि फायलीला लावायला सांगितलं. पुढे त्याच पत्रात लिहिलेल्या दोषासाठी एका निरपराध माणसाला मी तीन दिवस ठाण्यात बसवलं. माझ्या नोकरीतला हा एकमेव मूर्खपणा नव्हे. पण बाकीच्यांवर माझी सही नाही, याच्यावर आहे. म्हणून निवृत्तीनंतरही पहिल्यांदा आठवतो तो हाच.

मी तेव्हा पूर्व नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उमरेडकडून रुग्ण घेऊन धंतोलीच्या दवाखान्यांत येणारी एक व्हॅन भर दुपारी रस्त्यात पेटली. आत पायाला प्लॅस्टर असलेली एक बाई होती. नातेवाइकांनी तिला उचलून बाहेर काढलं आणि पाच मिनिटांत व्हॅनच्या इंजिनाची एक बाजू कोळसा झाली. कोणाला इजा झाली नाही. व्हॅनचा मालक स्वतःच ती चालवत होता. तो तिथून सरळ ठाण्यात आला आणि म्हणाला, “साहेब, चार दिवसांआधी नंदनवनच्या मिस्त्रीनं वायरिंगले हात लावला होता. त्याच्यापायी झालं हे.”

हा मिस्त्री म्हणजे नंदनवन वस्तीत गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा पन्नाशीचा माणूस. घराणं उमरेडच्या हातमाग विणकरांचं. माग बंद पडले तेव्हा हा नागपुरात आला आणि सुताऐवजी तारा जोडायला लागला. रुग्ण आणणाऱ्या बहुतेक व्हॅन त्याच्याकडेच यायच्या.

त्याच संध्याकाळी मला एक टीप मिळाली. फोन एका स्पेअर पार्टवाल्याचा होता. “साहेब, तो जुना अल्टरनेटर धुऊन-पुसून नवा म्हणून बसवते. तुम्ही उचला त्याले.” अल्टरनेटर म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, एवढं मला माहीत होतं. हा गृहस्थ इतक्या तत्परतेने समाजसेवा का करतोय, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. त्याचा माल नकली निघाला म्हणून मिस्त्रीने त्याच्याकडून घेणं बंद केलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. मिस्त्रीला हजर राहण्याची नोटीस दिली. तो धुतलेला सदरा घालून वेळेच्या आधी आला, बाकावर बसला आणि विचारलं तेवढंच बोलला.

“मी अल्टरनेटरले हातच नाही लावला साहेब. हॉर्नचा वायर तुटला होता, तो जोडला.”

“मग गाडी पेटली काहून?” त्याच्या बोलीत विचारलं की माणूस मोकळा होतो, असा माझा अनुभव.

“ते मले कसं माहीत? गाडी तर तुमच्यापाशी आहे.”

संध्याकाळी घरी सोडलं, सकाळी पुन्हा बोलावून बसवलं. दुसऱ्या दिवशीही हेच उत्तर, शब्दाला शब्द तसंच. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो, हे मी नव्या फौजदारांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. हा काहीच भर घालत नव्हता. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की माणूस पक्का तयारीचा आहे.

दरम्यान गाडी बनवणाऱ्या कंपनीचे विभागीय अधिकारी येऊन जबाब देऊन गेले होते. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. “सर, बाहेरच्या मिस्त्रीने वायरिंगला हात लावला की आमची जबाबदारी संपते. आमच्या गाडीत दोष नाही.” मी तो जबाब मोठ्या समाधानाने लिहून घेतला आणि त्यांना चहा पाजला. मिस्त्रीला पाजला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री पहिल्यांदा आपणहून बोलला. “साहेब, दुकानात एकही गाडी येऊन नाही राहिली. लोकं म्हणतात, याच्या हातानं ती बाई जळता जळता वाचली. तुम्ही मले अटक करा नाहीतर सोडा, पण हे अर्धवट नका ठेवू. पंचवीस वर्षं झाली मले या कामात.”

अटकेचे कागद मी तयारच ठेवले होते. फक्त जळालेली व्हॅन त्याला समोर दाखवून शेवटचं विचारावं, म्हणून त्याला आमच्या जीपमध्ये घेतलं. मुद्देमालाच्या गाड्या ज्या मोकळ्या जागेत ठेवतो, तिकडे निघालो. मिस्त्री मागे बसला होता. दोन चौक गेल्यावर त्याने मान पुढे काढली.

“साहेब, ही टिकली काहून लावली इथं?”

स्टिअरिंगच्या पुढे काट्यांच्या मधोमध एक मोठी मरून टिकली चिकटवलेली होती. तिच्याखाली लाल दिवा सतत लागलेला असायचा. तो डोळ्यांत जातो, काहीतरी कर, असं मीच महिन्यापूर्वी ड्रायव्हरला सांगितलं होतं. त्याने बायकोच्या डबीतली टिकली आणून लावली आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

“बॅटरीचा दिवा आहे तो,” मिस्त्री म्हणाला. “अल्टरनेटर खराब झाला की पेटते. ही गाडी त्या व्हॅनच्याच कंपनीची ना? थांबव गा दादा, उतरू दे मले. मले या गाडीत नाही जळायचं.”

ड्रायव्हरने मला न विचारता ब्रेक मारला. उरलेला रस्ता आम्ही तिघे उन्हातून पायी गेलो. आरोपी पुढे, प्रभारी मागे.

जळालेल्या व्हॅनजवळ मिस्त्री वाकला आणि एक तार बोटाने वर उचलली. हॉर्नची. जोडाच्या दोन्ही बाजूंना त्याने सुती दोरा गुंडाळून बारीक गाठ मारली होती, विणकर तुटलेल्या धाग्याला मारतात तशी. त्याच्या प्रत्येक कामावर ती गाठ असायची. दोरा काळवंडलाही नव्हता. आग लागली होती ती पलीकडच्या टोकाला, अल्टरनेटरच्या आतून. “सूत आधी जळते साहेब,” तो म्हणाला, “तांबं मागून.” सरकारी तंत्रज्ञाने पुढे दिलेला अहवाल चार पानी होता. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

ठाण्यात परत आल्यावर मी बारनिशीवरच्या, म्हणजे आलेल्या टपालाची नोंद ठेवणाऱ्या, महिला अंमलदाराला विचारलं, की आपल्या जीपबद्दल कधी काही पत्र आलं होतं का. तिने आवक रजिस्टरवरून बोट फिरवलं, फाईल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मोटार परिवहन शाखेमार्फत कंपनीचं पत्र आलेलं होतं. या बनावटीच्या जीप व व्हॅनमधला अल्टरनेटर आतून तापून पेट घेण्याची शक्यता आहे, तो विनामूल्य बदलून देण्यात येईल, लाल दिवा लागल्यास वाहन चालवू नये. खाली ‘पाहिले’. सही माझी.

“सर, ही तुमचीच ना?” तिने विचारलं. ती तशी नम्र मुलगी होती.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. या वेळी चहा मिस्त्रीला दिला. पत्र पाहून अधिकाऱ्यांनी पाणी मागितलं. म्हणाले, “व्हॅनच्या मालकालाही हे पत्र गेलंय, सर.”

“कोणत्या मालकाले?” मिस्त्री बाकावरूनच बोलला. “त्यानं गाडी जुनी घेतली. तुमचं पत्र पहिल्या मालकाच्या घरी गेलं असन.”

तसंच निघालं. कंपनीने मग हात वर केले नाहीत, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. शहरातल्या त्यांच्या केंद्रावर शिबिर लावून त्या बनावटीच्या गाड्यांचे अल्टरनेटर बदलले, जुन्या घेतलेल्या गाड्यांचेही. व्हॅनवाल्याला गाडी दुरुस्त करून दिली. मिस्त्रीला काय हवं ते विचारलं तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली: दोष कंपनीचा होता, माझ्या कामाचा नाही, हे कागदावर लिहून द्या. कंपनीने दिलेलं ते पत्र त्याने काचेत मढवून दुकानात लावलं. त्याच्या मागोमाग व्हॅनवाला ओशाळून आला आणि मग बाकीच्या व्हॅनही.

माणसाचा चेहरा वाचता येतो, असा मला फार अभिमान होता. या प्रकरणाने शिकवलं, की आधी टेबलावरचा कागद वाचावा. तीन दिवस समोर बसलेल्या माणसाला चहा विचारायला तर काहीच वाचावं लागत नाही.

निवृत्तीनंतर मी एक जुनी गाडी घेतली. ती मिस्त्रीकडेच जाते. त्या प्रकरणापासून तो प्रत्येक कामाची चिठ्ठी लिहितो, काय केलं आणि कशाला हात लावला नाही ते, आणि गिऱ्हाइकाची सही घेतो. मागच्या आठवड्यात त्याने चिठ्ठी पुढे केली. मी सवयीने पेन काढलं आणि सही करायला वाकलो. त्याने चिठ्ठी मागे ओढली.

“पहिले वाचा साहेब. तुमची ती एक सही मले तीन दिवसांले पडली.”