नंबर खाटेला असतो

"नंबर खाटेला असतो गं, माणसाला नाही!"

आमच्या मोठ्या सिस्टर हे दिवसातून दहा वेळा ऐकवायच्या. वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या आयसीयूत मी नवीन लागले, आणि पहिल्याच दिवशी "चार नंबरचं सलाईन संपलं" म्हटल्याबद्दल बोलणी खाल्ली. चार नंबर नाही, आगाशीचे काका म्हणायचं. सहावर पाचूबंदरच्या मावशी. तुम्ही कधी आयसीयूच्या दाराबाहेर बसला असाल, तर आतून आलेली अशी हाक ऐकून किती धीर येतो ते तुम्हाला ठाऊक असेल.

बेशुद्ध पेशंटशीही त्या बोलत. मावशींशी तर त्यांच्याच बोलीत, "मावशे, पानी लावते गो ओठाला." मला हसू आलं, तर माझ्यावरच डोळे वटारले. "ऐकत असतात त्या!"

सिस्टरांच्या पर्समध्ये घरची सुकेळी असायची. डबल ड्युटी लागली की ती वाळवलेली केळी आमच्या हातात कोंबायच्या. "खा. उपाशी पोरगी माझ्या काय कामाची?" स्वतः मात्र खायच्या नाहीत.

आठ खाटा आणि एका पाळीला दोघीच सिस्टर. कुणी नोकरी सोडली की तिच्या ड्युट्या मोठ्या सिस्टरांच्याच डोक्यावर. हळूहळू त्यांचं पेशंटशी बोलणं आटलं. कूस बदलायच्या, पण मुकाट्याने. एकदा कपडे बदलायच्या खोलीत एक बूट हातात धरून बसलेल्या दिसल्या.

"सिस्टर, घरी नाही जायचं?"

"जायचंय गं. उठवतच नाहीये."

मला घाई होती. मी निघून गेले. त्याची अजून चुटपुट लागते.

मग एका दुपारी ड्युटी संपवून मला चार्ज देताना त्या सहज म्हणाल्या, "दोन नंबर बरा आहे. चार नंबर गेला."

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. वही मिटून म्हणाल्या, "काय गं नाव त्यांचं? तीन दिवस मीच अंग पुसलं त्यांचं." मी नाव सांगितलं, तशा त्या खुर्चीत बसून हुंदके देऊन रडल्या. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा कधी हॉस्पिटलची पायरी चढल्या नाहीत.

आता मोठी सिस्टर मी. परवा घाईत माझ्याच तोंडून गेलं, "सहा नंबरचं बीपी बघ." नवी मुलगी निमूट गेली. मी मात्र मान खाली घालून बोलणी खायला उभी राहिले.

कुणीच रागावलं नाही. सिस्टर, एकदा या ना हो. चांगली खरडपट्टी काढा माझी.