उघडी तोटी

नव्वदच्या दशकात नगरला आम्ही राहायचो त्या गल्लीत पाणी दिवसाआड यायचं, तेही त्याच्या मर्जीनं. त्यातून सगळ्यांना एक भिकार सवय जडलेली. नळ कोरडा असला की तोटी उघडीच ठेवायची आणि खाली पातेलं पालथं घालायचं. पाणी आलं की पातेलं वाजायचं, मग हातातलं टाकून धावायचं. कोरडा नळ बंद करणारा माणूस मी त्या गल्लीत पाहिला नाही.

एका मे महिन्यात आम्ही आठ दिवस नणंदेकडे अकोले तालुक्यात निघालो. काय तो माझा तोरा! गॅसचा रेग्युलेटर काढला, खिडक्या लावल्या, मोरीच्या भोकातून झुरळं वर येतात म्हणून त्यात चिंध्यांचा बोळा ठासला, वर दगड ठेवला. जायच्या आधी एक बादली तरी मिळावी म्हणून सकाळीच तोटी उघडली होती. टिपूस आला नाही. रिक्षा दारात आली, हे ओरडायला लागले, आणि मी कुलूप तीनदा ओढून पाहून निघाले.

सासऱ्यांची, म्हणजे आबांची, पत्र्याची पेटी कॉटखाली होती. तिच्यात त्यांच्या गाण्यांच्या वह्या. जन्मभर हमाली केलेला, रात्रशाळेत अक्षर गिरवलेला हा माणूस चौदा एप्रिलला वस्तीत म्हणायला दर वर्षी नवी गाणी रचायचा. दुसरी प्रत कुठेच नव्हती. जूनमध्ये वह्या छापखान्यात द्यायच्या ठरल्या होत्या, आणि आबा तेवढ्या एका गोष्टीची वाट बघत होते.

परत आलो, दार उघडलं आणि वास अंगावर आला. शी! घोटाभर पाणी, त्यावर मेलेली झुरळं तरंगतायत. गव्हाच्या पोत्याला खालून मोड येऊन ते आंबलेलं, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळतायत. गाद्या काळ्या, बुळबुळीत. शेजारीण दारातून नाकाला पदर लावून म्हणते, "दाराखालून पाणी येत हुतं खरं. मला वाटलं तुमी आलात." हिच्या डोळ्यांवर काय कातडं ओढलं होतं? दाराला कुलूप दिसत नव्हतं?

आबांनी पेटी ओढली. वह्यांचा नुसता लगदा झाला होता. शाई उतरून त्यांची बोटं निळी झाली. पान सोडवायला गेले की ते हातातच यायचं, चिकट, कुजकट.

"नळ कुणी उघडा ठेवला?" हे गरजले.

आणि मी, घरातली सगळ्यात जबाबदार बाई, क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "निघताना शेवटी मोरीत आबाच गेले होते."

गेले होते, हे खरंच. उघडी तोटी पाहिली असती तरी त्यांनी तिला हात लावला नसता, आमच्यातलं कुणीच लावत नसे. पण ती उघडली मी होती. भोक बुजवलं होतं तेही मी.

आबा त्या निळ्या बोटांकडे बघत राहिले. "व्हय," म्हणाले, "माज्याच हातून ऱ्हायला आसंल."

दोन दिवस मी तो गाळ उपसला, फिनेल ओतलं, अळ्या सुपात भरून फेकल्या. माझा वास मलाच येत होता. चार वेळा अंघोळ करूनही जाईना.

जूनमध्ये मी नवी वही आणली. म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणा, मी लिहून घेते. तुम्हाला तर सगळी तोंडपाठ आहेत."

ते कसनुसं हसले. "नळ बंद केल्ता का न्हाई, ते बी मला आठवंना, पोरी. आता गानी कुठून आठवू? डोकं गेलं माजं."

त्याच सकाळी दाढी करताना त्यांनी एक अख्खं गाणं म्हटलं होतं, एक शब्द न चुकता. मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. निदान तेव्हा तरी सांगायचं, की आबा, डोकं ठिकाणावर आहे तुमचं, नळ मी उघडला होता. मी वही मिटली आणि भाजी निवडायला बसले. त्यानंतर त्यांनी दाढी करतानाही गाणं सोडलं.