खिडकीखालची फळी

चार नर्स डबे उघडून बसल्या की पेशंटचे किस्से निघतातच. कुणी भूल उतरल्यावर सासूला शिव्या दिल्या, कुणी पोटाच्या गोळ्या शेळीला चारल्या. आमच्याकडं मात्र फिरून फिरून गाडी एका खिडकीवर येते. बदली होऊन नवीन कुणी आली की आठवड्याभरात विचारतेच, "ते फळीचं काय आहे हो?" मग जेवण लांबतं. सुरुवातीला हसत असतो. शेवटाला डबे कधी झाकले ते कळत नाही.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. केज तालुक्यातला आहे एवढं पुरे. इमारत जुनी, निजामाच्या काळातल्या कुठल्यातरी साहेबाच्या मुक्कामासाठी बांधलेली. त्यामुळं मागच्या खोलीची खिडकी आपल्यासारखी दोन दारांची नाही. वर एक काचेची झडप, खाली एक काचेची झडप. वरची पक्की, खालची चौकटीतून वर सरकवायची. पूर्वी दोरी आणि वजनावर ती जागच्या जागी थांबायची म्हणे. आमच्या वेळी दोऱ्या तुटलेल्या. वर सरकवली आणि हात काढला की धाडकन खाली.

आणि नेमकी हीच खोली टीबीच्या पेशंटला. आता बहुतेक पेशंट घरीच गोळ्या खातात. पण ज्याची तब्येत फारच ढासळलीय त्याला आम्ही काही दिवस ठेवून घ्यायचो. खिडकी एकच. टीबीच्या खोलीत हवा खेळती हवी, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. ते खिडकीला कुणी शिकवलं नव्हतं.

*

आमच्या डॉक्टर मॅडम तरुण, लातूरकडच्या. रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी खिडकीखाली वीट लावली. दुपारपर्यंत वीट बाहेर, खिडकी बंद. परत लावली. परत बंद. तेव्हा खोलीत केरबा होता. नांदूरघाटच्या पलीकडच्या वस्तीवरचा ऊसतोड्या. अंगात हाडं तेवढी उरलेली, आणि त्याच्या उशाशी त्याची बायको सत्यभामा.

मॅडम चिडल्या. हवा का लागते, जंतू कसे राहतात, सगळं समजावलं. केरबानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, समदा जन्म कोपीत गेला. उसाच्या पाचटाची कोपी, चारी अंगानी वारं. पक्क्या खोलीत पहिल्यांदा झोपतोय. आता तरी लावून निजू द्या की."

मॅडम ड्युटी रूममध्ये येऊन बसल्या. पाणी प्यायल्या.

*

दुसऱ्या दिवशी त्या एक युक्ती घेऊन आल्या. कुठल्यातरी जुन्या पुस्तकात वाचलेली. खिडकीच्या रुंदीची एक फळी घ्यायची, वीतभर उंचीची. खालची झडप उचलायची, तिच्याखाली फळी उभी बसवायची आणि झडप त्या फळीवर टेकवायची. खालून फट राहत नाही, म्हणून पेशंटच्या अंगावर वारं येत नाही. पण झडप वीतभर वर गेल्यामुळं मध्यावर, जिथं खालची झडप वरचीच्या पुढून जाते, तिथं दोघींच्या मध्ये फट पडते. हवा तिथून आत येते आणि वर आढ्याकडं जाते. एवढंच. ना मशीन, ना लाईट.

फळीची मागणी वर केली. फोनवर उत्तर आलं की खिडकी आहे म्हणजे हवा आहे, वेगळं काही मिळणार नाही. मग मॅडमनी गावातला सुतार बोलावला. अंगणात मोडलेला बाक पडला होता, त्याचीच फळी काढायची ठरली. सुतारानं माप घेतलं, काम नीट समजून घेतलं, पेन्सिल कानामागं खोचली आणि विचारलं, "मॅडम, खिडकी उघडायची हाय का लावायची?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. फळी मात्र चोख करून दिली बिचाऱ्यानं.

*

फळी बसवली. केरबा उठून खिडकीपाशी गेला. झडपेच्या खालच्या कडेवरून तळहात फिरवला. वारं नाही. दुसऱ्या बाजूनं फिरवला. तिथंही नाही. वर बघायचं त्याला काही कारणच नव्हतं. मग मॅडमकडं वळून त्यानं हात जोडले. म्हणाला, लई उपकार झाले, आज पहिल्यांदा कुणीतरी खिडकी नीट लावून दिली.

मॅडमनीही हात जोडले.

त्याला वाटलं बंद केली, आम्हाला माहीत होतं उघडली. त्या खोलीत सगळे एकाच वेळी खूश होते असे दिवस मला तेवढेच आठवतात.

*

मग फळी गायब व्हायला लागली. सकाळी असायची, जेवणाच्या वेळी नसायची, आणि खिडकी पुन्हा खाली आपटलेली. तपास केला तर दगडूमामा निघाले. दगडूमामा आमचे शिपाई, रिटायरमेंटला आलेले, गुडघ्यांनी हैराण. पावसाळ्यात आमच्या फरशीला ओल धरते. मामा फळी काढून न्यायचे, तिच्यावर बसून भाकरी खायचे आणि आठवण राहिली तर परत लावायचे. बहुतेक राहायची नाही.

मी म्हटलं, "मामा, ती खिडकीची आहे."

मामा म्हणाले, "खिडकीला बसायचं नसतंय सिस्टर. मला बसायचं असतंय."

मॅडमनी स्वतःच्या केबिनमधली खुर्ची त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर मामा खुर्चीवर ऐटीत बसलेले आणि पाय फळीवर. फरशी गार लागते म्हणाले.

शेवटी सत्यभामानं फळीचा ताबा घेतला. तिला ती कशासाठी आहे हे मॅडमनी एकदा बाजूला नेऊन खरं खरं सांगितलं होतं. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. फक्त मामा खोलीत शिरले की ती खिडकीला पाठ लावून उभी राहायची. मामांची हिंमत व्हायची नाही.

*

असं सगळं बरं चाललं असताना वरून साहेबांची भेट ठरली. आम्ही चादरी बदलल्या, अंगण झाडलं. साहेब भले होते, खोटं कशाला बोलू. मागच्या खोलीत आल्यावर फळी दिसली तसे थांबले. ही खिडकी पूर्ण का लागत नाही असं विचारलं. केरबा तेव्हा व्हरांड्यात होता, म्हणून मॅडमनी हौसेनं सगळं सांगितलं, हवा कुठून येते, कुठं जाते. साहेबांनी मध्यावरच्या फटीपाशी हात धरून बघितला. हवा लागली. "वा," म्हणाले, "असंच डोकं लावून काम केलं पाहिजे." मॅडमचा चेहरा मला अजून दिसतो.

गाडीत बसताना साहेबांनी सोबतच्या माणसाला सांगितलं की मागची एक खिडकी मोडलीय, लागत नाही, रंगकामात तेवढी नीट करून घ्या.

रंगारी आले तेव्हा मॅडम मीटिंगला आणि मी रजेवर. त्यांनी फळी काढली. झडप खाली आली. चौकट, झडप, मधल्या खाचा, सगळ्यावर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात. वाळल्यावर खिडकी भिंतीसारखी झाली. आम्ही ब्लेडनं खरवडलं, मामांनी हातोडी मारली. काचेला चीर गेली पण झडप केसभर हलली नाही. परत ती कधीच हलली नाही.

फळी त्यांनी टाकून दिली नव्हती. तिलाही दोन हात देऊन, वाळवून, कोपऱ्यात नीट उभी करून गेले होते.

मॅडमनी लेखी कळवलं, फोन केले. तिकडून एकच उत्तर: तुमच्या खिडकीचं काम पूर्ण झालंय.

*

दिवसा आम्ही केरबाचा पलंग व्हरांड्यात काढायचो. पाऊस आला की आत. गोळ्यांनी तो हळूहळू सावरत होता, चार घास खात होता. पण दसरा गेला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. रस्त्यानं ट्रक जायचे. वर भांडी, गोधड्या, शेरडं, माणसं. केरबा ते बघत बसायचा.

एका सकाळी सत्यभामानं गाठोडं बांधलेलं दिसलं. मॅडमनी दोघांना समोर बसवलं. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर रोग दुपटीनं उलटतो, हा हंगाम जाऊ द्या, असं परोपरीनं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, मग निदान सत्यभामा एकटी जाऊ दे.

सत्यभामा म्हणाली, "मॅडम, कोयता एकल्याचा नसतो."

मॅडमना कळलं नाही. त्यांच्याकडं ऊसतोड नाही. मी समजावून सांगितलं, की टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची आणि डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची. एकट्या बाईला मुकादम घेतच नाही.

मॅडमनी पुऱ्या मुदतीच्या गोळ्या पिशवीत भरून दिल्या, रोज कधी घ्यायच्या ते तीन-तीनदा सांगितलं. तिकडच्या दवाखान्यालाही कळवलं. सत्यभामानं पिशवी पोटाशी धरली आणि ट्रकमध्ये चढली. केरबाला वर घ्यायला दोघं लागले.

मी फोन करायचे. आधी लागायचा. सत्यभामा म्हणायची, घेतोय, बरं हाय. मग लागेनासा झाला.

*

हंगाम संपायच्या आतच ती परत आली. एकटी. बाह्यरुग्णाच्या रांगेत उभी होती, सगळ्यांच्या मागं. मी हाक मारली तरी रांग सोडली नाही. नंबर आल्यावर टेबलापाशी आली आणि मॅडमसमोर तीच पिशवी ठेवली.

आत गोळ्या होत्या. सुरुवातीची काही पाकिटं तेवढी फोडलेली.

तिनं सांगितलं ते असं. गोळी घेतली की त्याला मळमळायचं, उसाच्या फडात उभं राहवायचं नाही. टोळीतले बोलायला लागले. मग त्यानं गोळ्या बंद केल्या. महिनाभर तोड चांगली झाली. नंतर रक्त पडायला लागलं. शेवटचे दोन दिवस तो कोपीतच होता. ती फडातून आली तेव्हा गेलता.

सत्यभामानं पिशवी मॅडमकडं आणखी थोडी सरकवली. म्हणाली, "चांगल्या हायत. वाया कावून घालवायच्या? दुसऱ्या कुणाला तरी द्या."

मॅडम उठून आत गेल्या. रांगेतल्या माणसांना मी सांगितलं, पाच मिनिटं थांबा. अर्धा तास थांबली माणसं. कुणी तक्रार केली नाही.

*

सत्यभामाची तपासणी करणं भाग होतं. इतके महिने त्याच्या उशाशी बसलेली, एका कोपीत झोपलेली. मॅडमनी त्याच झटक्यात आम्हा सगळ्यांचीही करून घेतली. मला संध्याकाळचा बारीक ताप यायचा, वजन उतरलेलं, खोकला होता. धावपळीचा असेल म्हणून मी सोडून दिलेला.

रिपोर्ट आले. सत्यभामा निगेटिव्ह. दगडूमामा निगेटिव्ह.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बस म्हणाल्या. खुर्ची मामांना दिलेली होती, म्हणून मी स्टुलावर बसले.

*

मी रजा टाकून केजला घरी आले. आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांच्या आधीपासूनचं. दुकान पुढं, घर मागं. मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तू बरी हो. माणूस चांगला आहे, पण त्यांना त्याहून जास्त बोलता येत नाही.

सासूबाई बोलल्या. "गल्लीत कळलं तर आपल्याकडचं पीठ-साखर कोण नेईल?" त्या मला गल्लीकडच्या लहान खोलीत घेऊन गेल्या, गादी घातली आणि खिडकी लावून आतून कडी घातली. मी म्हटलं, आत्या, उघडी लागते, हवा खेळायला पाहिजे. म्हणाल्या, "हवा आत येईल तसा खोकला बाहीर जाईल."

मी हे मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, फळी लावून बघ ना. मग त्यांच्याच लक्षात आलं की साधी दोन दारांची खिडकी आहे. आम्ही दोघी हसलो. मी हसले की खोकला यायचा, म्हणून लवकर थांबलो.

सासूबाई आत येत नसत. ताट उंबऱ्यावर ठेवायच्या, पदर तोंडाला लावून तिथंच उभ्या राहायच्या, माझं खाऊन झालं की ताट लांबूनच घ्यायच्या. मी काही म्हणत नव्हते. मीच पेशंटच्या नातेवाइकांना तसं शिकवलेलं.

एका दुपारी अशाच त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. खिडकीबाहेरून शेजारच्या काकूंची हाक आली. सूनबाई दिसत नाही कुठं, बरी हाय ना?

सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "माहेरी गेलीय. दिंद्रुडला."

आणि मला ढास लागली. मी पदर कोंबला, उशी दाबली. आवरेना.

बाहेर काकू खिडकीजवळ आल्या. मग म्हणाल्या, "मग आत खोकतंय कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. तोंडावरचा पदर काढला. उंबरा ओलांडून आत आल्या, माझ्या उशाशी बसल्या आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "मीच की." मग खोकल्या. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, अगदी माझ्यासारख्या.

काकू काळजी घ्या म्हणाल्या. त्यांच्या चपला गल्लीच्या टोकापर्यंत वाजत गेल्या. तोवर माझी ढास थांबली होती.

सासूबाई अजून खोकतच होत्या.